रिअल-टाइम रेंडरिंगचं सॉफ्टवेअर घेण्याआधी

रिअल-टाइम रेंडरिंग म्हणजे इमारतीच्या 3डी मॉडेलचं खरं वाटणारं चित्र तिथल्या तिथे, फिरता-बदलता दिसणं. बरेच ग्राहक मोबाइलवर एखादा चकचकीत वॉकथ्रू (इमारतीत फिरवून आणणारी फिल्म) दाखवतात आणि विचारतात, "हे कशात केलंय?" आम्ही उलट विचारतो, "तुम्ही मॉडेल कशात करता?" निम्मी निवड तिथेच होते.

एनस्केप हे रेव्हिट, स्केचअप, राइनो, आर्किकॅड किंवा व्हेक्टरवर्क्स अशा मॉडेल करायच्या प्रोग्रॅमच्या आतच प्लगइन (जोडप्रोग्रॅम) म्हणून चालतं. मॉडेलमधली खिडकी सरकवली की शेजारच्या विंडोत ती लगेच सरकलेली दिसते. आपल्या ग्राहकाला शेजारी बसवून डिझाइन ठरवणाऱ्यांना आम्ही बहुधा हेच सुचवतो. लुमिऑन, ट्विनमोशन आणि डी5 रेंडर हे स्वतंत्र प्रोग्रॅम आहेत. झाडं, माणसं, पाऊस, फिल्म हे सगळं त्यांत सढळ हाताने करता येतं, पण मॉडेल लिंक करून तिकडे न्यावं लागतं. म्हणून डेमोतच एक परीक्षा घ्या: मटेरियल (लाकूड, काच, फरशी असं पृष्ठभागाचं रूप) लावा, मूळ फाइलमध्ये एक भिंत बदला आणि पुन्हा सिंक करा. लावलेलं मटेरियल उडालं, तर प्रत्येक रिव्हिजनला तेच काम नव्याने करत बसाल. अनरिअल इंजिन हे मुळात गेम बनवायचं सॉफ्टवेअर, ते शिकायला वेळ फार जातो. बघणाऱ्याने स्वतः फिरून फरशी, रंग बदलावेत असं काही हवं असेल तरच त्या वाटेला जा.

आता चित्राचा दर्जा. सेकंदाला 30 फ्रेम (चित्रं) हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम 33 मिलिसेकंद येतात. व्ही-रे किंवा कोरोनासारखे सावकाश रेंडर करणारे प्रोग्रॅम एका चित्रावर कित्येक मिनिटं, कधी तासही घेतात. तेव्हा रिअल-टाइममध्ये प्रकाशाच्या हिशेबात कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो. तो कुठे घेतलाय हे बाथरूमचा आरसा दाखवतो. कॅमेरा आरशासमोर न्या. स्क्रीन-स्पेस पद्धतीत पडद्यावर आहे तेवढंच आरशात उमटतं, कॅमेऱ्यामागचं दार गायब! रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढणारी पद्धत) चालू करा, दार दिसेल आणि फ्रेमचा वेगही उतरेल. तो किती उतरतो, ते तुमच्याच मशीनवर बघा.

मशीनचं म्हणाल तर प्रोसेसरआधी ग्राफिक्स कार्डाची मेमरी बघा. 4096 बाय 4096 पिक्सेलचं एक टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायचं चित्र) कॉम्प्रेस न करता 64 एमबी जागा घेतं, आणि एका मटेरियलला अशी तीन-चार सहज लागतात. त्यात गवत आणि झाडं आली की 8 जीबीचं कार्ड बघता बघता भरतं. मग सीन अडखळतो किंवा सॉफ्टवेअर सरळ बंद पडतं, तेही नेमकं प्रेझेंटेशनच्या वेळी. (हे आम्ही भोगलंय.) मॅकवर काम करत असाल तर आधीच सांगा, पर्याय कमी होतात.

लायसन्स बहुतेक ठिकाणी वर्गणीचं असतं. वर्गणी थांबल्यावर जुन्या फाइल उघडतील का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

डेमोला येताना सॉफ्टवेअरसोबत मिळणारा नमुना सीन नको, तो उत्तमच दिसतो. तुमची सगळ्यात जड फाइल आणा, साफसफाई न करता, आहे तशी.