इंग्रजी मेथडनं बी.एड. करायचंय : पात्रता, सीईटी, ईएलसीटी आणि कागदपत्रं

बी.एड. सीईटीचे, म्हणजे बी.एड.च्या सामाईक प्रवेश परीक्षेचे, अर्ज सुरू झाले की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "मला इंग्रजी शिकवायचंय, म्हणजे ईएलसीटी द्यावीच लागेल ना?" बऱ्याच जणांचा गोंधळ इथूनच सुरू होतो, म्हणून आधी याचंच उत्तर देते.

ईएलसीटी म्हणजे इंग्लिश लँग्वेज कन्टेंट टेस्ट, इंग्रजी भाषेची वेगळी परीक्षा. तिचा संबंध तुम्ही कोणता विषय शिकवणार याच्याशी नाही, तुम्ही कोणत्या माध्यमाच्या कॉलेजात शिकणार याच्याशी आहे. इंग्रजी माध्यमाच्या बी.एड. कॉलेजात प्रवेश हवा असेल तर सीईटीसोबत ही परीक्षा द्यायची. मराठी माध्यमाच्या कॉलेजात राहूनही इंग्रजी मेथड, म्हणजे शिकवण्याचा विषय म्हणून इंग्रजी, घेता येते. तिथे मानसशास्त्र, मूल्यमापन असे पेपर मराठीतून असतात आणि इंग्रजीचे सराव पाठ अर्थातच इंग्रजीतून घ्यावे लागतात. तरीही मनात थोडी जरी शंका असेल तर ईएलसीटी देऊन टाका. निकाल लागल्यावर जवळचं इंग्रजी माध्यमाचं कॉलेज बरं वाटू लागलं, तरी तोवर त्या वर्षाची संधी गेलेली असते.

आधी इयत्ता ठरवा

अर्जाला हात घालण्याआधी आपल्याला कोणत्या वयाच्या मुलांना शिकवायचंय हे नक्की करा. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे इंग्रजीचा शिक्षक पहिलीलाही लागतो आणि बारावीलाही, पण दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत.

पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरचं दोन वर्षांचं डी.एल.एड. (जुनं डी.एड.) लागतं. बी.एड. असलं की खालच्या वर्गांनाही शिकवता येतं, असं अजून अनेक घरांत सांगितलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात बी.एड. ही प्राथमिक वर्गांसाठीची पात्रता नाही, हे स्पष्ट केलं. लहान मुलांना अक्षरओळख, गाणी, गोष्टी यांतून इंग्रजी शिकवायची तुमची मनापासून इच्छा असेल, तर बी.एड.ची दोन वर्षं तुम्हाला तिथे पोचवणार नाहीत. हे आत्ताच कळलेलं बरं.

सहावी ते आठवीसाठी पदवी आणि बी.एड. चालतं, सोबत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

पात्रता

सीईटीसाठी पदवी किंवा पदव्युत्तर पदवी किमान ५० टक्क्यांनी उत्तीर्ण हवी. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय उमेदवारांना ही अट ४५ टक्के आहे, तर अभियांत्रिकीच्या पदवीधरांना ५५ टक्के. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलात तरी परीक्षा देता येते, मात्र प्रवेशाच्या वेळी निकाल हातात असायला हवा.

यात कुठेही 'पदवीला इंग्रजी हवं' असं म्हटलेलं नाही. ही अट पुढे मेथड निवडताना आणि त्याहून पुढे नोकरीच्या वेळी समोर येते. पदवीचा विषय आणि बी.एड.ची मेथड यांचा मेळ बसावा लागतो. पहिल्या वर्षाला सगळ्यांनाच असलेलं कंपल्सरी इंग्लिश आणि तीन वर्षं घेतलेलं स्पेशल इंग्लिश यांत भरतीच्या वेळी मोठा फरक पडतो. तुमची पदवी इतिहासाची किंवा वाणिज्यची असेल, तर इंग्रजी मेथड मिळेल का, हे कॉलेजच्या कार्यालयात प्रवेश पक्का करण्यापूर्वी विचारा आणि विद्यापीठाचा नियम डोळ्यांनी वाचा. 'मिळून जाईल' या तोंडी आश्वासनावर दोन वर्षं लावू नका.

परीक्षा

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष म्हणजे सीईटी सेल ही परीक्षा संगणकावर घेतो. अलीकडच्या वर्षांत ती मार्चच्या आसपास झाली आहे. १०० प्रश्न, ९० मिनिटं. त्यात बुद्धिमत्ता ४०, सामान्य ज्ञान ३० आणि शिक्षक अभियोग्यता ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. ईएलसीटीत ५० प्रश्न आणि ६० मिनिटं. काळ, उपपदं, शब्दयोगी अव्ययं, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, वाक्प्रचार, उलटसुलट वाक्यांची जुळणी, असा दहावी-बारावीचा व्याकरणाचा पाया असतो. नेमाने महिनाभर जुनी व्याकरणाची वही काढून बसलं तरी पुरतं.

कागदपत्रं : खरा वेळ इथे जातो

गेल्या वर्षी ओळखीतली एक ताई माझ्याशेजारी बसून अर्ज भरत होती. इंग्रजी घेऊन बी.ए., गुण उत्तम. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, पदवीच्या शेवटच्या वर्षावर सासरचं, आणि आधारवर स्पेलिंग तिसरंच. दहावीला नावात दोन 'ई' तर आधारवर एक 'आय'. जातीचा दाखला वडिलांच्या नावाचा, उत्पन्नाचा मात्र नवऱ्याच्या नावाने काढलेला. तिची काहीही चूक नव्हती. लग्नानंतर प्रत्येक खिडकीवर ज्याने जसं सांगितलं तसं तिने केलं होतं. पण हे सगळं एका नावाखाली आणायला तिला पाच आठवडे लागले.

म्हणून अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच भरा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जवळ ठेवा. विवाहित स्त्रीचा जातीचा दाखला माहेरचाच लागतो, आणि नॉन-क्रीमीलेअरसाठीही आईवडिलांचं उत्पन्न पाहतात, नवऱ्याचं नाही. सेतू केंद्रात याबाबत चुकीचं सांगितलं गेल्याचं मी अनेकदा ऐकलंय, म्हणून मुद्दाम लिहिते.

बाकी दहावी, बारावी आणि पदवीच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका (फक्त शेवटच्या वर्षाची नव्हे), शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला आणि वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र हे सगळ्यांनाच लागतं. आरक्षणातून अर्ज करणाऱ्यांना जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर मागास प्रवर्गांना नॉन-क्रीमीलेअर, आणि त्यावरची वैधतेची तारीख नीट बघा. ते चालू आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र राज्य शासनाच्या नमुन्यातलं हवं, केंद्राच्या नमुन्यातलं आणून लोक अडकतात. पदवीनंतर काही वर्षं मध्ये गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

यात सगळ्यात वेळखाऊ म्हणजे जात वैधता. समितीकडे पडताळणीला महिनेच जातात. ती सीईटीच्या निकालानंतर नव्हे, सीईटीचा अर्ज भरायच्या दिवशीच मार्गी लावा.

निकालानंतर

सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची, वेगळी नोंदणी करावी लागते. कागदपत्रांची पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, मग कॉलेजांचे पसंतीक्रम, अशा क्रमाने ती चालते. तात्पुरत्या यादीत आपला प्रवर्ग आणि गुण बरोबर आहेत का, हे त्याच दिवशी तपासा. हरकतीला मोजकेच दिवस असतात.

पसंतीक्रम भरताना कॉलेजचं नाव, अंतर आणि शुल्क सगळे पाहतात. तिथे इंग्रजी मेथड शिकवणारे स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक आहेत का आणि सराव पाठांना कोणत्या शाळा मिळतात, हेही विचारा. दोन वर्षांत २० आठवडे शाळेत काढायचे असतात आणि त्या शालेय अनुभवाला ९० टक्के हजेरी बंधनकारक आहे. इंग्रजी कसं शिकवायचं हे खरं तिथेच कळतं. सातवीच्या वर्गात तुम्ही पाठ टाचण घेऊन उभं राहता, पहिलं वाक्य इंग्रजीत बोलता आणि चाळीस चेहरे गप्प होतात. फळ्यावर चित्र काढायचं, हातवारे करायचे, की चटकन मराठीत सांगून पुढे जायचं? मागे बसून पाठ पाहणाऱ्याला भाषा शिकवण्याची जाण असेल तर या एका क्षणावर तो अर्धा तास बोलतो. ती जाण नसेल तर वहीवर 'फलकलेखन चांगले' एवढाच शेरा मिळतो. मराठी शाळेतल्या मुलांना इंग्रजीची भीती का वाटते, याचं बरंचसं कारण या शेऱ्यात आहे असं मला मनापासून वाटतं.

टीईटी

सहावी ते आठवीसाठी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेत असलेल्या टीईटीचा दुसरा पेपर द्यावा लागतो. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. बालमानसशास्त्र आणि दोन भाषांना प्रत्येकी ३०, उरलेले ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्राचे. भाषाशिक्षकाला या दोन्हींतलं कोणतंही निवडता येतं, पण त्यातून सुटका नाही. भाषेचे उमेदवार बहुधा सामाजिक शास्त्र घेतात, आणि इंग्रजीत पैकीच्या पैकी मिळवणारेही तिथे चार-पाच गुणांनी राहतात. त्यामुळे सहावी ते आठवीची इतिहास-भूगोलाची पाठ्यपुस्तकं बी.एड.च्या पहिल्या वर्षापासूनच टेबलावर ठेवा. एकदा टीईटी उत्तीर्ण झालात की ते प्रमाणपत्र आता आजीवन वैध असतं.

शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या भरतीसाठी त्यापुढे टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ती २०० गुणांची आणि दोन तासांची असते. त्यानंतर पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावर, स्वप्रमाणपत्र भरायचं. तिथे पदवीचा विषय, मेथड आणि माध्यम पुन्हा एकदा विचारलं जातं. म्हणून दोन्ही वर्षांच्या बी.एड. गुणपत्रिका हातात आल्या की त्यावर 'इंग्रजी' हा मेथडचा विषय स्पष्ट छापलाय का, हे तिथल्या तिथे बघा आणि नसेल तर विद्यापीठाकडे लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या.