धीट प्रणयकादंबऱ्यांमागचा इतिहास

ठाण्यात किंवा नवी मुंबईत चार वाचणारी माणसे एकत्र आली आणि विषय आजच्या इंग्रजी प्रणयकादंबऱ्यांकडे वळला, की दोन मते हमखास ऐकू येतात. एक मत असे, की शयनगृहातला सगळा तपशील पानोपानी मांडणारी ही पुस्तके म्हणजे अलीकडचे खूळ आहे आणि पूर्वीच्या प्रेमकथा कशा सोज्ज्वळ असत. दुसरे मत बहुधा तरुण वाचकांचे असते: आधीच्या पिढ्या दांभिक होत्या आणि मोकळेपणा काय तो आमच्याच काळात आला. इतिहास पाहिला तर दोन्ही मते फारशी टिकत नाहीत. शृंगाराचे उघड वर्णन आपल्याकडे फार जुने आहे, तर पाश्चात्त्य प्रणयकादंबरीही जन्मतः धीट नव्हती. माझ्या मते काळाप्रमाणे बदलत गेली ती पुस्तक वाचकाच्या हाती पडण्याची वाट, आणि त्या वाटेवर कोणाकोणाची नजर पडते ही गोष्ट. कादंबरीने दार कुठे लावून घ्यायचे, हे लेखकापेक्षा या वाटेनेच अधिक वेळा ठरवले आहे.

महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ हा संग्रह सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे. त्यातील सुमारे सातशे गाथांमध्ये गावकुसातल्या चोरट्या भेटी आहेत, परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणे आहे आणि अनेक ठिकाणी स्वतःची इच्छा आडपडदा न ठेवता बोलून दाखवणारी स्त्री आहे. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ साली या गाथा मराठी वाचकांसाठी सविस्तर प्रस्तावनेसह उपलब्ध करून दिल्या. पुढे पेशवाईच्या उत्तरकाळात राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम यांच्या लावण्यांनी हाच शृंगार फडावर आणि बैठकीत नेला. मात्र तिथला श्रोता प्रामुख्याने पुरुष होता आणि ऐकणे चारचौघांत होते. एखाद्या स्त्रीने एकटीने, मनातल्या मनात असे काही वाचावे, ही सोय छापील कादंबरी येईपर्यंत नव्हती.

आणि मराठी कादंबरी आली ती सुधारणेचा वसा घेऊन. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचे. त्याचा विषय विधवांची दैना हा. प्रणय हाच कथेचा मुख्य भाग असू शकतो, हे मराठी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पाडले ते विसाव्या शतकात ना. सी. फडके यांनी. सुशिक्षित नायक, शिकलेली नायिका, भेटीगाठी, गैरसमज आणि अखेरीस मीलन असा त्यांचा साचा लोकांना इतका आवडला, की त्यांच्यावर टीका करणारेही तो वाचत असत. तरी फडक्यांच्या कादंबरीतील जवळीक एका मर्यादेवर थांबे. गंमत अशी, की प्रत्यक्ष आयुष्यात हेच फडके संततिनियमनाचे उघड पुरस्कर्ते होते आणि त्या विषयावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९२७ साली निघाले. कादंबरीत जे लिहिता येत नव्हते ते वैचारिक लेखनात लिहिता येत होते, पण तेही फुकट नव्हते, हे र. धों. कर्वे यांच्या अनुभवावरून दिसते.

कर्व्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक जुलै १९२७ मध्ये सुरू झाले आणि १९५३ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. वाचक कामजीवनाविषयीच्या शंका पत्राने विचारत आणि कर्वे त्यांना छापील उत्तरे देत. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, तरीही कर्व्यांना दंड झालाच. याच सुमारास, १९३३ साली, ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. आज तो वाचताना त्यात खळबळ माजण्यासारखे काय होते, असा प्रश्न पडतो, कारण शरीराचे वर्णन त्यात जवळजवळ नाहीच. शिकलेल्या, अविवाहित स्त्रियांनाही मन आणि ओढ असते, एवढेच एका स्त्रीने सांगितले होते, आणि तेवढ्यावर गदारोळ झाला.

कायद्याच्या अंगाने सर्वांत महत्त्वाचे प्रकरण मात्र एका दिवाळी अंकातले आहे, आणि धीट कादंबऱ्यांवर तावातावाने बोलणाऱ्या अनेकांना ते ठाऊक नसते. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कादंबरी छापली गेली. एका कवी-शिक्षकाच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया, असा तिचा विषय. भारतीय दंडविधानाच्या अश्लीलतेविषयीच्या कलम २९२ खाली खटला भरला गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरले. तेव्हाची हवा अशा लेखनाला प्रतिकूलच होती, कारण मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याला गाजलेल्या इंग्रजी कादंबरीची प्रत विकल्याबद्दल झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली कायम केली होती. त्या निकालात न्यायालयाने आधार घेतला तो १८६८ सालच्या एका इंग्लिश निकालातील कसोटीचा: ज्यांचे मन अशा प्रभावाला बळी पडू शकते त्यांना हा मजकूर बिघडवेल का, हे पाहायचे. या कसोटीवर कादंबरी जोखली, की सगळ्यांत कच्च्या मनाचा काल्पनिक वाचक न्यायालयात उभा राहतो आणि बाकीचे प्रौढ वाचक बाहेर राहतात.

‘श्यामा’चा निकाल ऑगस्ट १९६९ मध्ये लागला आणि सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरवले. समाजाची मापे झपाट्याने बदलत आहेत आणि प्रौढ व कुमारवयीन वाचकांना प्रेम, शृंगार असलेले विपुल साहित्य आधीच उपलब्ध आहे, असे न्यायालयाने नमूद केले. केवळ लैंगिक संबंधांचा उल्लेख अश्लील धरायचा तर निव्वळ धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकताच येणार नाही, असेही सुनावले. मात्र याच निकालात एक मेख आहे. चुकणाऱ्या पात्राचे वागणे निंद्य ठरवून त्यातून धडा निघत असेल तर वाचक बिघडत नाही, असाही एक युक्तिवाद न्यायालयाने केला. म्हणजे शृंगार लिहा, पण शेवटी त्याची शिक्षा दाखवा, अशी पळवाट शिल्लक राहिली. त्या काळातील कितीतरी लोकप्रिय मराठी कादंबऱ्यांमध्ये मोकळ्या वागणाऱ्या नायिकेचा शेवट वाईट का होतो, याचे एक कारण मला यात दिसते. ती जुनी इंग्लिश कसोटी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे बाजूला ठेवली ती २०१४ साली.

आता वाचनालयांकडे वळू. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी स्थापन झाले. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे हे त्यामागचे प्रमुख नाव. अशा सार्वजनिक संस्थांच्या जोडीला पुढे गल्लोगल्ली खासगी वाचनालये निघाली, जिथे अनामत आणि मासिक वर्गणी भरून रोज पुस्तक बदलता येई. काकोडकर, कुमुदिनी रांगणेकर, शैलजा राजे यांच्या कादंबऱ्या घरोघर पोहोचल्या त्या मुख्यतः याच मार्गाने. खाकी कव्हर, आतल्या चिठ्ठीवर तारखांचे जांभळे शिक्के, आणि ठरावीक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने केलेली बारीक खूण, म्हणजे हे आपले वाचून झाले हे पुढच्या वेळी कळावे; ही पुस्तके ज्यांनी हाताळली आहेत त्यांना हे आठवत असेल. महत्त्वाचे हे, की वर्गणी घराची असे. एकच पुस्तक सासू, सून आणि कॉलेजात जाणारी मुलगी अशा तिघींच्या हातून फिरून परत जाई आणि देवघेवीच्या टेबलामागचा माणूस तिघींना नावाने ओळखत असे. असे पुस्तक लिहिणाऱ्याला आणि छापणाऱ्याला हात आखडावाच लागे. दिवाळी अंकांनी वर्षातून एकदा थोडी सूट घेतली, त्यात ‘आवाज’च्या खिडकीचित्रांची चावट गंमत घरातले सगळे मिळून बघत; पण तिथे विनोदाचे पांघरूण होते.

इंग्लंडातही गोष्ट वेगळी नव्हती. मिल्स अँड बून ही प्रकाशनसंस्था १९०८ साली लंडनमध्ये निघाली, पण तिची प्रणयकथेवरची भिस्त वाढली ती १९३० च्या दशकात, जेव्हा दोन पेन्सांत पुस्तक देणारी खासगी वाचनालये हे तिचे मुख्य गिऱ्हाईक बनले. त्या पुस्तकांची बांधणी तपकिरी असे आणि वाचक त्यांना ‘तपकिरी पुस्तके’ म्हणूनच ओळखत. तिथल्याही नायक-नायिकांचे प्रकरण अनेक वर्षे चुंबनापुढे जात नसे. कॅनडातील हार्लेक्विनने स्वस्त कागदी आवृत्त्या काढून आणि पुढे १९७१ साली मिल्स अँड बून विकत घेऊन हे पुस्तक वाचनालयातून काढले आणि किराणा मालाच्या दुकानातील मांडणीवर ठेवले. पुस्तक स्वतःच्या पैशाने विकत घेतले, की ते परत करायचे नसते आणि कोणाला दाखवायचेही नसते.

दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९७२ साली, अमेरिकेत, कॅथलीन वूडिविस यांच्या पहिल्या कादंबरीने. ती थेट कागदी बांधणीत आली, भरपूर जाड होती आणि तिच्यात शृंगाराचे वर्णन टाळलेले नव्हते. पण याच कादंबरीच्या आरंभी नायक नायिकेवर बळजबरी करतो, आणि नंतर त्याच नायकावर तिचे प्रेम बसते. पुढची दहा-पंधरा वर्षे या धर्तीच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा पूर आला. नायिकेने स्वतःहून इच्छा व्यक्त केली तर ती वाईट चालीची ठरेल, म्हणून सगळी जबाबदारी नायकाच्या दांडगाईवर टाकायची, असे त्यामागचे गणित सांगितले जाते. ते खरे असले तरी मला ते समर्थन पुरेसे वाटत नाही. वाचणाऱ्या स्त्रियांनाही ते सरसकट पटत होते असे नाही. जॅनिस रॅडवे यांनी अमेरिकेतील एका गावच्या प्रणयकादंबरी वाचकांशी बोलून १९८४ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातील स्त्रियांना क्रूर नायक नको होता, काळजी घेणारा हवा होता; आणि पुस्तक घेऊन बसण्याचा वेळ हा घरकामातून काढलेला हक्काचा वेळ आहे, असे त्यांना वाटे.

हा अभ्यास ज्या वाचकांवर झाला त्यांच्या हातातले पुस्तक तरी इतरांना दिसत होते. २००७ साली किंडल हे ई-पुस्तके वाचण्याचे उपकरण आले आणि मुखपृष्ठच नाहीसे झाले. २०११-१२ मध्ये जगभर गाजलेली धीट कादंबरी मुळात दुसऱ्या एका लोकप्रिय कादंबरीच्या चाहतीने इंटरनेटवर लिहिलेली कथा होती, आणि ती आधी पडद्यावर वाचली गेली, मग कागदावर आली. ठाण्याहून ऐरोली, घणसोली, वाशीकडे जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल २००४ साली सुरू झाली; तिच्या महिला डब्यात आज खांबाला टेकून, मोबाइलचा उजेड कमी करून कोण काय वाचत आहे, हे शेजारणीलाही कळत नाही. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली, तरी तिथे उसळलेली पुस्तकांच्या शिफारशींची लाट इन्स्टाग्रामच्या रील्समधून इथे पोहोचलीच, आणि तिच्याबरोबर पुस्तक किती तिखट हे मिरच्यांच्या चित्रांनी मोजण्याची पद्धतही आली. या पुस्तकांची छापील मुखपृष्ठे पुन्हा बालसुलभ झाली आहेत. गुलाबी पार्श्वभूमीवरचे कार्टूनसारखे जोडपे पाहून वडील शाळकरी मुलीला पुस्तक घेऊन देतात आणि आत काय आहे ते तिला आधीच माहीत असते.

आजच्या या कादंबऱ्यांविषयी माझे वाचक म्हणून मत संमिश्र आहे. नायक विचारतो, नायिका हो किंवा नाही म्हणते, आणि तिचे ‘नाही’ मानले जाते, हा बदल मला वर्णनाच्या उघडेपणापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. १९७२ च्या कादंबरीपासून इथवर येण्याला वाचक स्त्रियांचाच रेटा कारणीभूत आहे. पुस्तकात हिंसेसारखे त्रासदायक प्रसंग आहेत, असे सांगणाऱ्या आरंभीच्या सूचनांची चेष्टा होते, पण हिंसेचा अनुभव घेतलेल्या व्यक्तीला त्यांचा उपयोग असतो. माझी तक्रार आहे ती साचेबंदपणाची. खोली एकच, पलंग एकच, बाहेर वादळ, असे प्रसंग आधी ठरवायचे आणि माणसे नंतर भरायची, यामुळे दहाव्या कादंबरीतील मीलन पहिलीतल्यापेक्षा वेगळे राहत नाही, मग मिरच्या तीन असोत की पाच.

मराठीत या प्रकाराला अजून छापील घर मिळालेले नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथालयांची खरेदी हा मराठी प्रकाशकाचा मोठा आधार, आणि पुस्तके निवडणाऱ्या समितीपुढे ठेवायच्या यादीत धीट कादंबरी घालण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. परिणामी असे लेखन २०१४ साली सुरू झालेल्या प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन व्यासपीठांवर, भागाभागांनी आणि पुष्कळदा टोपणनावाने येते. तिथे लोकप्रिय असलेला एक साचा असा: श्रीमंत, तुसडा उद्योजक, करार करून किंवा दबावाखाली झालेले लग्न, आणि जवळीक त्यानंतरच. मंगळसूत्र हा परवाना मानला, की नायिकेची इच्छा पुन्हा एकदा विचारायची राहून जाते, आणि इंग्रजी कादंबरीने पन्नास वर्षांत मागे टाकलेला दांडगा नायक इथे नवरा म्हणून वावरतो. हे लेखन तपासणारा, लेखिकेला प्रश्न विचारणारा संपादक बहुतेक वेळा नसतो. अश्लीलतेचे कलम मात्र तिथेही लागू आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील मजकुराचा स्पष्ट उल्लेख आहे.