निळ्यानं पिवळ्याला जागवायचं, तर…

सकाळी ८.२२ची लोकल फलाटाला लागली आहे. डबा साधारण २० मीटर लांब. समोरच्या फलाटावरून बघणारा फार तर सांगेल, की अमुक दोघं एकाच डब्यात आहेत. ती खांद्याला खांदा लावून उभी आहेत की एक या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला, हे काही त्याला कळायचं नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाची गत तीच. २०० नॅनोमीटरच्या आतल्या दोन वस्तू त्याला एकच दिसतात. पेशीतली दोन प्रथिनं एकमेकांना भिडतात तेव्हा मधलं अंतर असतं १० नॅनोमीटरच्या आत. म्हणजे आपल्या डब्याच्या मापानं मीटरभरही नाही.

ही जवळीक पकडायची युक्ती म्हणजे फ्रेट. तिचं गणित थिओडोर फॉर्स्टर या जर्मन शास्त्रज्ञानं १९४०च्या दशकात मांडलं. सतारीच्या तरफा आठवा: वरची तार छेडली की त्याच सुरात मिळवलेली खालची तार हात न लावता झंकारते. इथे एका प्रथिनाला निळसर चमकणारं प्रथिन जोडायचं, दुसऱ्याला पिवळं. प्रकाश टाकायचा फक्त निळ्यावर. पिवळं जवळ असेल तर निळं आपली ऊर्जा न चमकताच त्याला देऊन टाकतं, आणि चमकतं पिवळं. अंतराची अट मात्र भयंकर कडक. ५ नॅनोमीटरवर निम्मी ऊर्जा पोचत असेल, तर ४ वर सुमारे ७९ टक्के, ६ वर २५ आणि १० वर जेमतेम दीड टक्का.

निसर्गात हे आधीपासून चालू आहे. पावसाळ्यात जुहूला वाहून येतात ते निळे डंखवाले जीव वेगळे. इथला नायक उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा एक्वोरिया हा जेलीफिश. त्याचं एक प्रथिन निळा उजेड तयार करतं, पण ऊर्जा शेजारचं हिरवं प्रथिन घेतं, म्हणून जेलीफिश हिरवा चमकतो. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये ही दोन्ही प्रथिनं त्यातून काढल्याचं जाहीर केलं. मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांच्यासह त्यांना २००८चं नोबेल मिळालं. आजच्या रंगीत प्रथिनांपैकी बरीचशी या हिरव्याचीच भावंडं.

मग जोडी कुठली घ्यायची? खरी गोची इथे आहे. निळा ज्या रंगात चमकतो तो पिवळ्याला शोषता आला पाहिजे, तरच तार जुळते. पण रंग जितके जवळचे, तितके ते एकमेकांच्या गाळणीतून, म्हणजे एकच रंग पुढे सोडणाऱ्या काचेतून, झिरपतात. एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये मी सीएफपी (निळसर) आणि वायएफपी (पिवळं) ही प्रसिद्ध जोडी घेतली होती. पहिल्याच दिवशी पिवळ्या गाळणीतून पेशी अशा लखलखल्या, की मी फोटो काढून घरी पाठवले. मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "अगं, नुसत्या निळ्याची डिश कुठाय?" ती मी केलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी केली. त्यात पिवळं प्रथिन नावालाही नव्हतं, तरी पिवळ्या गाळणीत पेशी दिसतच होत्या. सीएफपीचा उजेड ४७६ नॅनोमीटरला सर्वांत जास्त असला, तरी त्याचं शेपूट ५३० च्याही पुढे जातं. शिवाय निळ्यासाठीचा लेसर पिवळ्यालाही थोडा थेट डिवचतो, म्हणजे नुसत्या पिवळ्याचीही डिश हवीच.

आता एमटर्क्वाइज२ हा निळा बरा पडतो. तो शोषलेल्या १०० प्रकाशकणांपैकी सुमारे ९३ परत देतो. जुना सीएफपी ४० च्या आसपास. मूळचा वायएफपी आम्लतेनं आणि क्लोराइडनंही फिका पडतो, म्हणून व्हीनस किंवा सिट्रीन हे त्याचे सुधारलेले अवतार घ्यावेत. हिरवा-लाल जोडीत रंग कमी मिसळतात. पण लाल प्रथिनं अढीतल्या आंब्यासारखी, काही लवकर पिकतात, काही उशिरा. न पिकलेलं लाल ऊर्जा घेतच नाही आणि आपण समजतो अंतर वाढलं. एमचेरी हा लाल तर मुळातच मंद. त्याच्याकडे न बघता, हिरव्याची चमक किती नॅनोसेकंद टिकते तेवढंच मोजलेलं बरं; ऊर्जा लालला दिली, की ती लवकर विझते.

तरी शंका उरलीच, तर मी अजून जुनाच उपाय करते. पेशीच्या एका कोपऱ्यावर जोरदार लेसर धरून तिथलं पिवळं जाळून टाकते. ऊर्जा खरंच तिकडे जात असेल, तर आता घेणारा कुणी उरला नाही, आणि त्या कोपऱ्यातला निळा हळूच उजळतो.