मोकळीक देणं आणि वाऱ्यावर सोडणं

नव्याने टीम हाती आलेल्या माणसाला बहुतेक सगळे एकच सल्ला देतात: लोकांच्या कामात लुडबुड करू नका, त्यांना मोकळीक द्या. सल्ला बरोबरच आहे. पंचाईत अशी, की तो दोन तऱ्हांनी पाळता येतो आणि लांबून पाहिलं तर दोन्ही तऱ्हा सारख्याच दिसतात. दोन्हीकडे प्रमुख कुणाच्या मागे उभा राहून डोकावत नाही, बारीकसारीक गोष्टींत पडत नाही, ‘तुम्हीच ठरवा’ म्हणतो. एका टीमला त्यातून हुरूप येतो. दुसरी काही महिन्यांत सैरभैर होते आणि तिच्या प्रमुखाला मात्र शेवटपर्यंत वाटत राहतं, की मी तर यांच्यावर केवढा विश्वास टाकला होता!

ही गल्लत अभ्यासकांचीही झालेली आहे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले आणि प्रत्येक गटाला एक प्रौढ नेता दिला. मूळ कल्पनेत पद्धती दोनच होत्या, हुकूमशाही आणि लोकशाही. व्हाइटने लोकशाही नेत्याची भूमिका घेतली खरी, पण त्याच्या गटातलं चित्र लिपिटच्या लोकशाही गटासारखं दिसेना. व्हाइट मुलांना मोकळं सोडून स्वतः बाजूला राहत होता. शेवटी संशोधकांनी ही तिसरीच पद्धत मानली, जिला आपण ‘जे होईल ते होऊ द्या’ म्हणू. १९३९ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हुकूमशाही गटातली मुलं नेता खोलीबाहेर गेला की काम टाकून देत. लोकशाही गटातली जवळजवळ तशीच करत राहत. वाऱ्यावर सोडलेल्या गटात काम कमी झालं, त्याचा दर्जाही घसरला. आणि ज्यांना सगळ्यात जास्त स्वातंत्र्य होतं, ती मुलं काही सगळ्यात खूश नव्हती.

मग फरक नेमका कुठे पडतो? माझ्या मते मोकळीक दिल्यानंतर नव्हे, देण्याच्या आधीच तो बराचसा ठरून गेलेला असतो.

ट्रॅफल्गारची लढाई बघा. २१ ऑक्टोबर १८०५. ब्रिटिशांची मुख्य युद्धजहाजं २७, समोर फ्रेंच आणि स्पॅनिश मिळून ३३. एकदा तोफा सुरू झाल्या की धुरात ध्वजसंकेत दिसणार नाहीत, हे ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याला ठाऊक होतं. म्हणून लढाईच्या काही आठवडे आधीच त्याने कप्तानांना आपल्या जहाजावर जेवायला बोलावून बेत समजावून सांगितला. मग तो लेखी कळवला. त्या लेखी सूचनेत एक प्रसिद्ध वाक्य आहे: संकेत दिसले नाहीत किंवा नीट कळले नाहीत, तर ज्या कप्तानाने आपलं जहाज शत्रूच्या जहाजाला भिडवलं त्याचं फारसं चुकणार नाही. लढाई ऐन भरात असताना नेल्सनला गोळी लागली, दुपारी उशिरा तो गेला. तरी लढाई जिंकली गेली. कप्तानांना मोकळीक होती, पण ती बेत पुरता डोक्यात उतरल्यानंतरची. नेल्सन नुसतं ‘तुम्ही अनुभवी आहात, बघून घ्या’ म्हणाला असता, तर तीच माणसं धुरात एकमेकांकडे बघत बसली असती.

‘बघून घे’ हे दोन शब्द फार सोयीचे आहेत. कशासाठी करायचं, कधीपर्यंत, किती झालं म्हणजे झालं, कोणती चूक परवडेल आणि कोणती अजिबात नाही, हे सगळं सांगायचं टाळता येतं. कधी कधी प्रमुखाचंच ते ठरलेलं नसतं. न ठरवण्याचं ओझं मग विश्वासाच्या नावाखाली खाली सरकतं.

दुसरी खूण अधिकाराची. काम दिलं, पण खर्च मंजूर करायचा हक्क दिला नाही; वेळेची जबाबदारी दिली, पण दुसऱ्या विभागाला ‘नाही’ म्हणायची मुभा दिली नाही. याला सोपवणं म्हणत नाहीत, गळ्यात मारणं म्हणतात. ज्याच्या गळ्यात पडतं त्याला ते पहिल्याच आठवड्यात कळतं.

मधल्या काळात काय होतं, तेही बघण्यासारखं असतं. लुडबुडीच्या भीतीने अनेक जण आढावा घेणंच सोडून देतात. वास्तविक आढाव्याची वेळ आधीच ठरलेली असेल, तर तिला कुणी लुडबुड म्हणत नाही. माणसं बिथरतात ती अवचित येऊन पडणाऱ्या फोनने. ‘काही अडलं तर सांगा’ या वाक्यावर माझा फारसा भरवसा नाही. नवखा माणूस अडलेला असतो तेव्हा आपण अडलोय हेच त्याला उशिरा कळतं, आणि कळलं तरी सांगायची लाज वाटते. पंधरा दिवसांनी बसायचं ठरलं असेल तर लाजेचा प्रश्नच उरत नाही.

किती दोर सोडायचा, हे माणसापेक्षा कामावर ठरतं. वीस वर्षांचा अनुभव असलेली अभियंता पहिल्यांदाच कायदेशीर वाटाघाटीला बसली, तर त्या कामापुरती ती नवखीच. तिला तिथे एकटं सोडून ‘एवढी सीनियर आहेस’ म्हणणं हा सन्मान नव्हे. उलट, तिच्या नेहमीच्या कामात रोज डोकावणं हा अपमान. एकाच माणसाशी एकाच आठवड्यात दोन प्रकारे वागता येणं, हे बऱ्याच प्रमुखांना विसंगत वाटतं. खरं तर कौशल्य तेच.

काम फसलं की मात्र ती मोकळीक होती की वाऱ्यावर सोडणं, याबद्दल कुणालाच संशय राहत नाही. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या चढाईआधी, जून १९४४मध्ये, दोस्त सैन्याचा सरसेनापती आयझेनहॉवर याने अपयश आलंच तर जाहीर करायची एक चिठ्ठी लिहून ठेवली होती. सैन्याने आपल्या परीने सगळं केलं, दोष असेल तर तो फक्त माझा, असा तिचा आशय. चिठ्ठी वापरायची वेळ आली नाही. किनाऱ्यावर उतरून लढायचं काम त्याने हजारोंवर सोपवलं होतं, जबाबदारी नाही. वाऱ्यावर सोडणाऱ्याचं वाक्य वेगळं असतं: ‘मी तर पूर्ण मोकळीक दिली होती.’

तुम्ही या व्यवहाराच्या खालच्या बाजूला असाल, तर प्रमुख सुधारायची वाट बघू नका. काम घेतानाच विचारा: हे झालं असं कधी म्हणायचं, कोणते निर्णय मी तुम्हाला न विचारता घेऊ शकतो, आणि आपण पुन्हा कधी बसायचं? उत्तरं मिळाली तर मोकळीक खरी. ‘बघू नंतर’ असं ऐकू आलं, तर त्याच दिवशी तीन ओळींचा मेल टाका: मी असं समजून काम सुरू करतोय.