मांजरापासून नजरेपर्यंत: सॉरॉन कसा घडला

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', म्हणजे 'अंगठ्यांचा स्वामी', हे शीर्षक कथेच्या खलनायकाचं, सॉरॉनचं आहे. रिव्हेंडेल या अमर एल्फांच्या वस्तीत पिपिन हा हॉबिट, म्हणजे ठेंगण्या जमातीतला तरुण, हौसेने कथानायक फ्रोडोला अंगठीचा स्वामी म्हणतो, तेव्हा जादूगार गँडाल्फ त्याला तिथल्या तिथे गप्प करतो. तरीही तीन खंडांच्या या कादंबरीत सॉरॉन एकदाही समोर येत नाही. वाचकाला भेटतात ते त्याचे स्वार, त्याचं सैन्य, त्याचा दूत, त्याची नजर आणि त्याने घडवलेली अंगठी. खलनायक असा उभा करायला जे. आर. आर. टोल्किन यांना जवळजवळ चाळीस वर्षं लागली. त्या काळातले कच्चे मसुदे मुलगा ख्रिस्तोफर यांनी १९८३ ते १९९६ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध केले. त्यामुळे हे पात्र कोणत्या टप्प्यावर कसं बदललं हे जवळजवळ पानागणिक पाहता येतं. हा सारा प्रवास एकाच दिशेचा आहे: लेखक खलनायकाचं शरीर कमी करत गेला आणि त्याची इच्छाशक्ती वाढवत गेला.

सुरुवात १९१७ ची. सोमच्या लढाईतून आजारी होऊन परतलेल्या टोल्किन यांनी बेरेन आणि टिनुविएल यांची प्रेमकथा लिहिली. पुढे सॉरॉनने घेतलेली जागा तिथे टेव्हिल्डो नावाच्या एका प्रचंड काळ्या बोक्याची आहे. मांजरांचा हा राजा मेल्को या आद्य दुष्ट शक्तीचा, म्हणजे पुढच्या मॉर्गॉथचा, चाकर आहे आणि त्याच्या गळ्यात सोन्याचा पट्टा आहे. कैदी म्हणून आलेल्या बेरेनची तो उंदीर पकडायला लावून परीक्षा घेतो आणि तो नापास झाल्यावर त्याला स्वयंपाकघरात राबायला पाठवतो. टिनुविएल थाप मारून टेव्हिल्डोला रानात नेते. तिथे हुआन हा कुत्र्यांचा नायक त्याला लोळवतो. जीव वाचवण्यासाठी टेव्हिल्डो सोन्याचा पट्टा काढून देतो आणि आपल्या वाड्याचे दगड ज्या मंत्राने बांधलेले आहेत तो मंत्रही सांगतो. मंत्र म्हणताच वाडा ढासळतो आणि अजस्र मांजरं साध्या मांजरांएवढी होतात. कुत्र्यामांजरांचं वैर कुठून आलं, याची ही लोककथेच्या धाटणीची उपपत्ती आहे. तिचा खलनायक क्रूर असला तरी भीतिदायक नाही.

१९२५ ते १९३१ दरम्यान टोल्किन यांनी हीच कथा दीर्घ पद्यात लिहायला घेतली. बोका गेला, आणि त्याच्या जागी थू नावाचा मृतात्म्यांना आवाहन करणारा जादूगार आला. तो लांडग्यांचा स्वामी आहे आणि नदीतल्या बेटावरच्या किल्ल्यात राहतो. सांगाडा मात्र जसाच्या तसा राहिला. हुआन थूला हरवतो, नायिका किल्ल्यावरची सत्ता मागून घेते, दगड निखळतात, कैदी सुटतात आणि खलनायक परागंदा होतो. दोन्ही मसुदे शेजारी ठेवून वाचले की कळतं, टोल्किन यांनी प्रसंग राखला आणि त्याचं वजन बदललं. स्वयंपाकघराची अंधारकोठडी झाली. उंदरांच्या परीक्षेच्या जागी थू आणि बेरेनचा साथी एल्फ राजा फेलागुंड यांच्यात गाण्याचं द्वंद्व आलं. त्यात थू जिंकतो, आणि राजाने मंत्राने पांघरलेलं सोंग गळून पडतं.

१९७७ मध्ये छापलेल्या 'सिल्मरिलियन'मधल्या याच प्रसंगात एक बारीक तपशील आहे आणि पुढच्या सॉरॉनचं बीज तिथेच आहे. ऑर्कांच्या, म्हणजे मॉर्गॉथच्या राक्षसी सैनिकांच्या, वेशात चाललेली फेलागुंडची टोळी सॉरॉनला संशयास्पद वाटते. कारण काय, तर ते घाईत आहेत आणि वर्दी द्यायला थांबलेले नाहीत. त्या वाटेने जाणाऱ्या मॉर्गॉथच्या प्रत्येक चाकराने वर्दी द्यायची असा हुकूम आहे. आता 'द टू टॉवर्स'मध्ये पिपिन पलांतीर या दूरदर्शी गोळ्यात डोकावतो तो प्रसंग पाहा. समोर त्याच्याशी संधान बांधलेला जादूगार सारूमान आहे असं समजून सॉरॉन पहिलाच प्रश्न विचारतो तो, इतके दिवस वर्दी का दिली नाहीस, असा. दोन प्रसंगांमध्ये कथेतली हजारो वर्षं गेली आहेत, पण हा माणसं आणि नोंदी सांभाळणारा मालक तसाच आहे. टोल्किन यांनी उत्तरायुष्यातल्या टिपणांत लिहूनच ठेवलं की सॉरॉनला सुव्यवस्था प्रिय होती, गोंधळ आणि शक्तीचा अपव्यय त्याला खपत नसे, आणि मुळात हा त्याचा गुण होता. मूळचा तो आउले या कारागीर देवतेच्या परिवारातला. हात कसबी आणि डोकं नियोजनाचं.

१९३६ च्या सुमारास लेखकमित्र सी. एस. लुईस यांच्याशी ठरलं की लुईस यांनी अंतराळप्रवासाची कथा लिहायची आणि टोल्किन यांनी कालप्रवासाची. टोल्किन यांची कथा अर्धवट राहिली, पण तिच्यातून नुमेनोर हे बुडालेलं बेट आणि सॉरॉन हे नाव, दोन्ही पक्की झाली. इथे तो प्रथमच राजकारण करतो. बलाढ्य राजाचा कैदी म्हणून बेटावर येतो, सल्लागार होतो आणि शेवटी राजालाच देवांवर चाल करून जायला लावतो. कथेच्या अंतिम कालगणनेप्रमाणे त्याला बेटावर आणलं दुसऱ्या युगाच्या ३२६२ साली आणि बेट बुडालं ३३१९ साली, म्हणजे ५७ वर्षांत त्याने शस्त्र न उचलता एक साम्राज्य संपवलं. त्या प्रलयात त्याचं देखणं रूप कायमचं गेलं. तोवर तो गोड रूपात वावरू शकत होता, पुढे फक्त भीतीच्या जोरावर राज्य करणं त्याच्या हाती उरलं.

२१ सप्टेंबर १९३७ रोजी 'द हॉबिट' प्रसिद्ध झालं. त्यात मर्कवूडच्या दक्षिणेला राहणाऱ्या एका निनावी काळ्या जादूगाराचा ओझरता उल्लेख आहे. त्याचं कथेतलं काम अगदी व्यावहारिक आहे. कथानायक बिल्बो आणि त्याचे सोबती बुटके जंगलात शिरताना गँडाल्फला बाजूला काढायचं आहे, तर त्याला दुसरीकडे काही महत्त्वाचं काम हवं. डिसेंबर १९३७ मध्ये प्रकाशकांना लिहिताना टोल्किन म्हणाले की बालकथेच्या कडेवरून सॉरॉननेही डोकावून घेतलं. बिल्बोला सापडलेल्या अंगठीचा आणि त्याचा अजून काहीही संबंध नव्हता. त्या पुस्तकात ती अदृश्य करणारी एक उपयोगी वस्तू आहे, इतकंच.

पुढच्या भागासाठी प्रकाशक मागे लागले तेव्हा जुन्या कथेतला कोणता धागा उचलायचा हा प्रश्न आला. सुरुवातीच्या एका टिपणात टोल्किन स्वतःलाच विचारतात, अंगठी आली कुठून, त्या जादूगाराकडून? त्याच टिपणात ती फारशी धोकादायक नाही असंही ते लिहितात, फक्त ती आपली किंमत वसूल करते: एक तर ती गमवा, नाही तर स्वतःला. या एका टिपणामुळे दोन वेगवेगळ्या गोष्टी जोडल्या गेल्या आणि मग मागे जाऊन दुरुस्त्या कराव्या लागल्या. १९३७ च्या 'हॉबिट'मध्ये अंगठीचा आधीचा मालक, गुहेत राहणारा गोलम कोड्यांची पैज हरल्यावर बिल्बोला अंगठी बक्षीस द्यायला निघतो. जी वस्तू कुणालाच सोडवत नाही ती गोलमने राजीखुशीने देऊ करणं आता शक्य नव्हतं. १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते पाचवं प्रकरण बदललं आणि जुना मजकूर म्हणजे बिल्बोने सांगितलेली थाप, असा खुलासा कथेतच बसवला. खलनायकाच्या तर्कासाठी छापलेलं पुस्तक बदलण्याचं इतकं चोख उदाहरण कल्पितसाहित्यात क्वचित सापडेल.

आपला जीव किंवा बळ शरीराबाहेर ठेवण्याची कल्पना फार जुनी आहे. राक्षसाचा जीव पोपटात असतो हे मराठी घरातल्या मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. दख्खनमधली अशी एक कथा जगभर पोहोचली ती १८६८ मध्ये लंडनला छापल्या गेलेल्या 'ओल्ड डेक्कन डेज'मधून. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिने १८६५-६६ च्या हिवाळ्यात दक्षिण मराठा मुलखातल्या दौऱ्यावर आया ॲना लिबराटा डिसूझा यांच्याकडून या गोष्टी ऐकल्या. ॲना यांचं घराणं गोव्यात राहून आलेलं होतं. त्यातल्या पंचकिन या जादूगाराचा जीव घनदाट जंगलात, ताडांच्या रिंगणात, एकावर एक रचलेल्या सहा घागरींखालच्या पिंजऱ्यात, एका हिरव्या पोपटात आहे. पोपटाचा एक पंख उपटला की जादूगाराचा एक हात गळून पडतो. मानववंशशास्त्रज्ञ फ्रेझर यांनी 'द गोल्डन बाऊ'मध्ये शरीराबाहेरच्या जीवाची चर्चा करताना हीच कथा घेतली. टोल्किन यांनी स्वतः मार्च १९३९ च्या परीकथांवरच्या व्याख्यानात या कल्पनेची चर्चा केली, आणि १९५८ च्या एका पत्रात सॉरॉनची अंगठी याच जातीची आहे असं स्पष्ट लिहिलं.

त्यांनी या जुन्या कल्पनेत केलेले बदल नीट पाहायला हवेत, कारण सॉरॉनचं सगळं यश आणि सगळा नाश त्यांतच आहे. पंचकिन पोपटाला दूर लपवतो, सॉरॉनला अंगठी स्वतःच्या बोटात घालावी लागते. एरेगिऑन या राज्यातल्या एल्फ लोहारांनी त्याच्या मार्गदर्शनाखाली अंगठ्या घडवल्या होत्या. त्यांतल्या तीन अंगठ्यांना त्याचा हात लागला नव्हता, पण विद्या त्याचीच होती. या सगळ्यांवर हुकमत हवी तर वरची अंगठी सर्वांत बलवान हवी आणि ती धारण केलेली हवी. म्हणून दुसऱ्या युगाच्या १६०० च्या सुमारास त्याने आपलं बरंचसं बळ तिच्यात ओतलं. योजना पहिल्याच दिवशी फसली. त्याने अंगठी घातली त्या क्षणी एल्फांना तो कळला आणि त्यांनी आपल्या अंगठ्या उतरवल्या. पुढे नऊ अंगठ्या माणसांना मिळाल्या आणि ती गुलाम झाली. सात बुटक्यांना मिळाल्या, पण बुटके वाकले नाहीत, त्यांचा फक्त सोन्याचा हव्यास वाढला. पोपट ज्याच्या हाती पडतो त्याला फक्त मारण्याची ताकद मिळते. अंगठी मात्र हाती घेणाऱ्याला सत्ता देऊ करते आणि सत्ता देता देता त्याला दुसरा सॉरॉन बनवते. म्हणून शत्रूचं शस्त्र शत्रूवर वापरायची वाट बंद होते आणि नष्ट करणं एवढाच मार्ग उरतो.

कादंबरीत त्याला न दाखवण्याचा निर्णय इथून पाहिला की पटतो. सॉरॉन समोर आला असता तर त्याच्याशी लढता आलं असतं. तो आहे याचे पुरावे लेखक थेंबाथेंबाने देतो. गोलम सांगतो की काळ्या हाताला चारच बोटं आहेत, पण तेवढी पुरतात. इसिल्दुर या राजाने अंगठीसह बोट कापल्याची खूण तीन हजार वर्षं उरली आहे, आणि हे सांगणारा त्या हाताखालून गेलेला आहे. या एका वाक्यावरून हेही कळतं की तो नुसता डोळा नाही, त्याला देह आहे. १९६३ च्या पत्रात टोल्किन यांनी माणसापेक्षा उंच, पण राक्षसी आकाराचा नव्हे, असं त्याचं वर्णन केलं आहे. २००१ ते २००३ च्या चित्रपटांत बुरुजावर पेटलेला डोळा दिसतो. पडद्याला काहीतरी दाखवावंच लागतं हे मान्य, पण त्यामुळे सॉरॉन म्हणजे फिरता दिवा असा समज पसरला आणि पुस्तकातली दहशत पातळ झाली.

त्याच्या पराभवाची यंत्रणा तारखांनिशी मांडलेली आहे. ५ मार्चला पिपिन गोळ्यात दिसतो, आणि हवा असलेला हॉबिट सारूमानकडे आहे अशी सॉरॉनची समजूत होते. ६ मार्चला ॲरागॉर्न त्याच गोळ्यातून स्वतःला प्रकट करतो, तेव्हा इसिल्दुरचा वारस पुढे आलाय म्हणजे अंगठी त्याच्या हाती आहे असा अर्थ सॉरॉन लावतो. घाईने तो शत्रुराज्य गोंडोरच्या मिनास तिरिथ या राजधानीवर फौज सोडतो आणि १५ मार्चला हरतो. मग जेमतेम सात हजारांचं सैन्य मॉर्डोर या सॉरॉनच्या मुलखाच्या काळ्या दरवाजाकडे निघतं. एवढ्याशा बळावर कुणी चालून येतंय म्हणजे त्याच्याकडे अंगठी असलीच पाहिजे, हा निष्कर्ष त्याच्या दृष्टीने बिनचूक आहे. तो मॉर्डोरच्या आतलं पठार रिकामं करून सैन्य दरवाजाशी आणतो, आणि तेच पठार अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोला आणि त्याचा सोबती सॅमला ओलांडायचं असतं. गँडाल्फने रिव्हेंडेलचा प्रमुख एलरॉन्ड याच्या सभेत हे आधीच ताडलं होतं: सॉरॉन हुशार आहे, सगळं तोलून पाहतो, पण त्याच्याकडे माप एकच आहे, सत्तेची हाव. अंगठी हाती असताना ती कुणी नष्ट करायला निघेल हे त्या मापात बसत नाही. २५ मार्चला, जिथे अंगठी नष्ट होऊ शकते त्या डोंगराच्या पोटात उभा राहून फ्रोडो ती स्वतःच्या बोटात घालतो, तेव्हा निवेदन सॉरॉनच्या मनात शिरतं. स्वतःची चूक त्याला एका झटक्यात दिसते, आणि त्याने लक्ष काढून घेताच लढणारी सगळी सेना दिशाहीन होते.

युद्धोत्तर वाचकांना यात हिटलर किंवा स्टालिन दिसणं स्वाभाविक होतं. स्वीडिश अनुवादकाने असा अर्थ लावला तेव्हा १९६१ मध्ये टोल्किन यांनी तो साफ फेटाळला. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं की ही कथा महायुद्धाचं रूपक असती तर अंगठी नष्ट न होता सॉरॉनविरुद्ध वापरली गेली असती. त्यांच्या मते सॉरॉन सर्व जुलमी सत्ताधीशांच्या वाटेने गेला: आरंभी उजाड झालेली पृथ्वी सावरायची इच्छा, मग ती आपल्याच अकलेने सावरायचा हट्ट, आणि शेवटी केवळ हुकमत. म्हणूनच १९६३ च्या त्या पत्रात ते म्हणतात की अंगठी गँडाल्फच्या हाती गेली असती तर तो सॉरॉनहून वाईट ठरला असता, कारण आपण योग्यच आहोत याची त्याला खात्री असती.

सॉरॉनच्या पतनानंतर शंभरेक वर्षांनी घडणारी 'द न्यू शॅडो' ही कथाही टोल्किन यांनी सुरू केली होती. गोंडोरमधली मुलं ऑर्कांचा खेळ खेळतात आणि पडद्याआड एक गुप्त पंथ वाढतो आहे, इथवर ती आली. थोड्याच पानांनंतर त्यांनी ती सोडली. १९६४ च्या पत्रात कारण दिलं आहे: कट, त्याचा शोध आणि बीमोड अशी थरारकथा लिहिता आली असती, पण ती तेवढीच राहिली असती, लिहिण्याजोगी नव्हती.