घरमालकाने पाणी तोडलं तर: भाडेकरूचा अर्ज कुठे आणि कसा

भाड्याचा वाद, घर रिकामं करण्याचा तगादा, आणि एक दिवस नळ कोरडा. महाराष्ट्रात हा दबाव बेकायदा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार सबळ कारणाशिवाय पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट किंवा साफसफाईची सेवा मालकाला बंद करता येत नाही. मालकाने पालिकेचं बिल थकवल्यामुळे नळजोडणी तुटली, तरी तेही त्यानेच पाणी अडवल्यासारखं धरलं जातं. ‘पालिकेने तोडलं, मी काय करू?’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

अर्ज भाडेकरूने करायचा. एकाच इमारतीतले भाडेकरू मिळूनही करू शकतात, आणि चाळीत तेच बरं, कारण एकट्यावर रोष येत नाही. मुंबईत अर्ज लघुवाद न्यायालयात जातो. इतरत्र असं न्यायालय नसेल तर दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे. ‘लिव्ह अँड लायसन्स’वर (ठरावीक मुदतीच्या परवानगी-करारावर) राहणाऱ्यांनी मात्र आधी करारनामा वकिलाला दाखवावा, कारण हे कलम ‘भाडेकरू’ला संरक्षण देतं आणि असा रहिवासी कायद्याने सहसा भाडेकरू धरला जात नाही.

अर्जात पाणी आधी कसं मिळत होतं आणि कोणत्या तारखेपासून बंद आहे, हे नेमकं लिहा. सोबत भाडेपावत्या किंवा करारनामा, ओळखपत्र, त्या पत्त्याचं वीजबिल, नळाचे फोटो, मालकाला पाठवलेली नोटीस व पोस्टाची पावती, पालिकेकडच्या तक्रारीचा क्रमांक जोडा (मुंबईत तक्रार १९१६ या हेल्पलाइनवर करता येते). घरात लहान मूल, आजारी किंवा वयस्कर माणूस असेल तर तेही लिहा आणि अंतरिम (निकालाआधीचा तात्पुरता) आदेश मागा. अंतिम निकालापर्यंत तहानलेलं राहायची गरज नाही. आदेश मोडला तर रोज १०० रुपयांपर्यंत दंड होतो. पाणी तोडल्याचा गुन्हा सिद्ध झाल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाच्या रकमा आज फारच तोकड्या आहेत, त्यामुळे खरा जोर अंतरिम आदेशाचाच.

पाणी येतं पण गढूळ, टाकी फुटलेली, पाइप गंजलेला? तिथे कलम १४ लागतं, दुरुस्ती मालकाची जबाबदारी. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. तरीही हालचाल नसेल तर दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाला त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. बिलं जपून ठेवा.

या वळत्या रकमेपलीकडे भाडं थांबवू नका. थकबाकी झाली की मालकाला घर खाली करून घेण्याचं कारण आयतं मिळतं. तो घेत नसेल तर बँकेतून पाठवा आणि नोंद ठेवा.