रॅपलिंग : बहुटप्पी मार्गावरील उतरण

कड्यावरून किंवा सुळक्यावरून, पक्क्या आधाराला अडकवलेल्या दोरावर घर्षणाने वेग आवरत खाली येण्याची पद्धत. ब्रिटिश आरोहकांत ‘अ‍ॅबसाइलिंग’ हे नाव रूढ आहे. मार्ग एका दोराच्या लांबीत संपत नसेल, तर अशा उतरणींची मालिकाच करावी लागते : एक टप्पा उतरायचा, खालच्या आधाराला स्वतःला बांधून घ्यायचे, वरचा दोर ओढून घ्यायचा, तोच नव्या आधारात ओवायचा आणि पुन्हा उतरायचे. प्रस्तुत नोंद या बहुटप्पी प्रकारापुरती आहे. एकदाच दोरावरून खाली येऊन थांबण्याचा, हौशी पर्यटकांच्या परिचयाचा प्रकार येथे गृहीत धरला आहे.

उगम : दोर परत मिळवणे आणि घर्षणाने वेग आवरणे या दोन वेगळ्या कल्पना आहेत. उगमाविषयीचा बराचसा घोळ त्या एकत्र मोजल्याने झाला आहे. इंग्रज आरोहक एडवर्ड व्हिम्पर याने १८६० च्या दशकात आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखरावरील प्रयत्नांच्या काळात एक युक्ती वापरली व पुढे १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तिचे सचित्र वर्णन केले. दोराच्या टोकाला लोखंडी कडी बांधायची, दोर खडकाभोवती फिरवून त्या कडीतून ओवून फास करायचा आणि कडीला एक बारीक दोरी जोडायची. खाली पोचल्यावर दोरी ओढली की फास सैल होतो व दोर हाती येतो. मात्र उतरणे हातांच्या बळावरच होते. घर्षणाचा उपयोग यात नाही.

फ्रेंच परंपरेत श्रेय शामोनीचा वाटाड्या झां शार्ले (पुढे शार्ले-स्ट्रॅटन) याला दिले जाते. पेटी द्रु या शिखरावर तो १८७६ मध्ये एकट्याने गेला होता. तो प्रयत्न फसला आणि परतताना त्याने दोर दुहेरी करून खडकाच्या टोकावर टाकला, उतरला व एक बाजू ओढून दोर परत मिळवला, असे सांगितले जाते. २९ ऑगस्ट १८७९ रोजी प्रॉस्पेर पेयो आणि फ्रेडरिक फोलिगे यांच्यासह त्याने हे शिखर सर केले, तेव्हा उतरताना हीच रीत अधिक पद्धतशीरपणे वापरली गेली असावी. शोधाचे वर्ष म्हणून काही ठिकाणी १८७६ तर काही ठिकाणी १८७९ दिलेले आढळते ते यामुळे. पहिल्या वापरासाठी १८७६ हे वर्ष अधिक संभाव्य वाटते. पण खडकावर दोर दुहेरी टाकण्याची रीत शिकारी, स्फटिक गोळा करणारे आणि वाटाडे यांना त्याआधी ठाऊकच नव्हती, असे ठामपणे म्हणता येत नाही. आजच्या बहुटप्पी उतरणीचे मूळ शोधायचे, तर व्हिम्परच्या फासापेक्षा शार्लेच्या दुहेरी दोराकडेच जावे लागते.

घर्षणाचा प्रश्न पहिल्या महायुद्धापूर्वीच्या दशकात पूर्व आल्प्समध्ये सुटला. दोन पायांमधून दोर घेऊन एका मांडीभोवतून पुढे आणायचा, छातीवरून तिरपा नेऊन विरुद्ध खांद्यावरून पाठीमागे सोडायचा व खालच्या हाताने आवरायचा, ही ‘ड्युल्फर बैठक’ म्युनिकच्या हान्स ड्युल्फर (१८९२–१९१५) याच्या नावाने ओळखली जाते. ती सर्वस्वी त्याचीच, की त्या काळच्या अनेकांनी थोडी थोडी घडवलेली, याबद्दल एकमत नाही. ड्युल्फर तिशी गाठण्यापूर्वीच युद्धात मारला गेला आणि अशा नावांभोवती श्रेय गोळा होत जाते, हे ध्यानात घेतलेले बरे. ही बैठक आज क्वचितच वापरली जाते. पण डिसेंडर (दोर आवरण्याचे धातूचे साधन) हातून पडला तर खाली येण्याचा मार्ग म्हणून अनेक प्रशिक्षणवर्गांत अद्याप शिकवतात.

साधनांत १९३१ मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक याने मांडलेली आवळगाठ, १९५३ मध्ये एडेलरिड या जर्मन उत्पादकाने आणलेला गाभा-आवरण पद्धतीचा नायलॉन दोर आणि १९७० च्या सुमारास आलेली स्टिश्ट प्लेट (दोर आवरण्याची खाचांची चकती) हे टप्पे महत्त्वाचे. आज नळीच्या आकाराची, दोन खाचांची साधने सर्वत्र दिसतात. इंग्रजी आठच्या आकाराच्या फिगर-एट डिसेंडरने दोराला पीळ पडतो आणि लांब उतरणीत दर टप्प्याला तो पीळ पुढे सरकत जाऊन दोर ओढताना गुंता होतो. त्यामुळे या कामी तो मागे पडला.

वेळ कोठे जातो : दोरावरून खाली सरकण्याचा वेग वाढवून फारसे काही साधत नाही. उलट साधन तापते, आणि डायनिमा या कृत्रिम धाग्याची पट्टी १४५ अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळते. वेळ जातो तो टप्प्यांमधील बदलात : दोर ओढणे, ओवणे, तपासणे, एकमेकांची वाट पाहणे. तीनशे मीटरच्या कड्यावर ६० मीटरचा एकच दोर दुहेरी केला, तर ३० मीटरचे दहा टप्पे पडतात. दोन दोर जोडले तर पाच. हिशेबाने दुसरा मार्ग जलद ठरतो. प्रत्यक्षात कडा तुटक, झुडपी किंवा भेगाळ असेल, तर ६० मीटर दोर ओढताना तो अडकण्याची शक्यता बरीच वाढते, आणि एकदा अडकलेला दोर वाचवलेल्या सगळ्या वेळाची भरपाई करून घेतो. गुळगुळीत, सरळ भिंतीवर लांब टप्पे आणि मोडक्या भिंतीवर आखूड टप्पे हा सर्वसाधारण नियम.

बदलाचा वेळ वाचवण्याची मुख्य युक्ती अशी : दोर ओढताना हाती येणारे टोक लगेच खालच्या आधाराच्या कडीतून ओवत जायचे. वरची बाजू सुटून खाली पडेपर्यंत पुढचा टप्पा निम्मा तयार झालेला असतो, आणि दोर आधारात ओवलेला असल्यामुळे हातातून निसटून दरीत जाण्याची भीतीही राहत नाही. तिघांच्या तुकडीत शेवटचा खाली येत असताना आधीचे दोघे आधार तपासून पुढची तयारी करू शकतात. त्यामुळे तिघांची तुकडी दोघांच्या तुकडीहून फार मंद असतेच असे नाही.

दुसरी युक्ती पूर्वरचनेची. वरच्या आधारापाशी असतानाच सर्वांनी आपापली साधने दोराला, एकाखाली एक, लावून घ्यायची. त्यासाठी साधन हार्नेसला (कमरेच्या पट्ट्यांना) थेट न लावता स्लिंगने, म्हणजे पट्टीच्या फासाने, हातभर पुढे काढतात. पहिला खाली उतरत असताना दोर ताणलेला राहतो आणि वरच्याला हलता येत नाही. पण त्याची जोडणी अनुभवी म्होरक्याने जाण्यापूर्वीच डोळ्यांनी पाहिलेली असते. शिवाय वरच्याचे साधन दोराच्या दोन्ही बाजू धरून ठेवत असल्याने दोर कडीतून एका बाजूला सरकू शकत नाही. नवशिक्यांबरोबर ही रीत बहुतेक मार्गदर्शक पसंत करतात.

घर्षणगाठ, म्हणजे वजन येताच दोराला आवळणारी राखीव गाठ, कोठे लावावी, यावर जुन्या आणि नव्या शिकवणीत फरक आहे. पूर्वी प्रुसिक साधनाच्या वर लावत. तेथे ती आवळली की संपूर्ण वजन तिच्यावर येते आणि हात पोचत नसेल तर सोडवता येत नाही. हल्ली ऑटोब्लॉक ही घर्षणगाठ साधनाखाली लावतात. तेथे तिला फक्त आवरणाऱ्या हाताचे काम करावे लागते आणि वजन असतानाही ती सोडवता येते. खालची जागा अधिक तर्कशुद्ध दिसते. अट एवढीच की साधन पुरेसे पुढे काढलेले हवे, नाही तर गाठ साधनाला टेकते आणि निरुपयोगी ठरते.

जोडगाठ : दोन दोर जोडण्यासाठी आता सर्वाधिक मान्यता सपाट साध्या गाठीला आहे. दोन्ही टोके शेजारी धरून एकत्रच साधी गाठ मारायची, प्रत्येक पदर वेगळा ओढून घट्ट करायची आणि किमान ३० सेंटिमीटर टोके मोकळी ठेवायची. ही गाठ एका बाजूला उभी राहते, त्यामुळे कड्याच्या कडेवरून ओढताना ती सहज लोळून पुढे जाते. अमेरिकी आरोहकांत तिला ‘युरोपियन डेथ नॉट’ हे भयंकर नाव पडले, पण त्यात अन्याय आहे. ताण येताच उलटत उलटत टोकांवरून निसटण्याचा दोष मुख्यतः अशाच सपाट बांधलेल्या फिगर-एट गाठीचा आहे, आणि नोंदलेले अपघातही बहुतांशी तिचेच. दिसायला फिगर-एट अधिक भरभक्कम, म्हणून ती निवडली जाते.

जाड आणि बारीक दोर जोडले असतील, तर कडीतून जाड दोर ओवावा, गाठ बारीक दोराच्या बाजूला ठेवावी व ओढावा बारीक दोर. बारीक दोर साधनातून अधिक सहज घसरतो. त्यामुळे गाठ कडीकडे खेचली जाऊन तेथेच टेकून राहते. उलट बाजूला ठेवली, तर ती हळूहळू कडीपासून दूर जाऊन एक पदर आखूड होत जातो. कोणती बाजू ओढायची हे प्रत्येकाने उतरण्यापूर्वी मोठ्याने म्हणावे, असा पाठ आहे. खाली पोचलेल्या पहिल्याने थोडेसे ओढून पाहणे आणखी उपयोगी. दोर हलत नसेल, तर वर अजून कोणी तरी आहे.

अपघात : बहुसंख्य घटना दोनच कारणांकडे येतात, आधार निकामी होणे आणि दोराचे टोक संपल्याचे न कळणे. दुसऱ्याचे ठळक उदाहरण नोव्हेंबर २०१९ मधील. मेक्सिकोतील पोत्रेरो चिको येथे ‘एल सेंदेरो लुमिनोसो’ या लांब मार्गावरून उतरताना अमेरिकी आरोहक ब्रॅड गोब्राइट मृत्युमुखी पडला. दोघे जण दोराच्या दोन बाजूंवर एकाच वेळी, एकमेकांचे वजन तोलत उतरत होते. दोराच्या टोकांना थांबगाठी नव्हत्या. या पद्धतीत वेळ वाचतो खरा, परंतु एकाच्या चुकीने दोघेही पडतात. तो लाभ या किमतीला योग्य मानणारे जाणकार थोडे आहेत.

आल्प्सच्या इतिहासात याच विषयाशी निगडित जुनी घटना जुलै १९३६ ची, आयगरच्या उत्तर भिंतीवरील. आन्द्रेआस हिंटरस्टॉइसर याने आडवी वाट पार केल्यावर तेथील दोर काढून घेतला. माघार घ्यायची वेळ आली तेव्हा ओल्या, बर्फाळ खडकावरून परत येता आले नाही, आणि चौघांच्या तुकडीला थेट खाली दोरावरूनच उतरणे भाग पडले. तिघे हिमपाताच्या तडाख्यात गेले. शेवटी उरलेला टोनी कुर्त्स बचावपथकाच्या अगदी वर येऊन लटकला, कारण जोडलेल्या दोन दोरांची गाठ त्याच्या कॅराबिनरमधून (उघडझाप होणाऱ्या कडीतून) पार होईना. परतीचा दोर केव्हा काढावा आणि गाठ साधनातून कशी पार करावी, हे दोन्ही प्रश्न पाठ्यक्रमांत त्यानंतर स्वतंत्रपणे येतात.

आधाराच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार विसरली जाते. झाडाला किंवा खडकाच्या शिंगाला बांधलेल्या नायलॉनच्या पट्टीतून दोर थेट ओवून उतरता येतो. उतरताना तो पट्टीवर घासत नाही. ओढताना मात्र घासतो, आणि नायलॉनवर नायलॉन घासून पट्टी जळते. पुढच्या तुकडीला तीच पट्टी मिळते. म्हणून मध्ये लोखंडी कडी किंवा मेलॉन (आट्याने बंद होणारी कडी) सोडून जावे, आणि आधी सोडलेल्या उन्हाने पांढऱ्या पडलेल्या पट्टीवर विश्वास टाकू नये. बर्फावर व्ही-थ्रेड हा आधार वापरतात : बर्फात फिरवायच्या स्क्रूने दोन तिरपी छिद्रे आत एकमेकांना भिडवायची व त्यांतून दोरी ओवायची. त्याचे श्रेय सोव्हिएत आरोहक विताली अबालाकोव्ह याला देण्याची प्रथा आहे.

वारा असेल तर दोर खाली फेकू नये. पाताळाऐवजी शेजारच्या भेगेत जाऊन बसतो. पॅटागोनियातील फिट्झ रॉयसारख्या शिखरांवर पहिला उतरणारा दोराची वेटोळी हार्नेसच्या दोन्ही बाजूंना लटकवून, उतरता उतरता सोडत जातो. दोर अडकलाच, तर दोन्ही टोके हाती असताना दोन्ही पदरांवर घर्षणगाठींनी वर जाता येते. एकच टोक हाती असेल, तर वर काय अडकले आहे हे ठाऊक नसताना त्यावर वजन टाकणे घातक. उपलब्ध दोरावर बिले (सोबत्याने दोर आवरून दिलेला आधार) घेऊन पुन्हा चढणे हाच मार्ग, किंवा दोर कापून उरलेल्यावर भागवणे.

सह्याद्री : वजीर, वानरलिंगी यांसारख्या सुळक्यांवरून पायी उतरायला वाटच नसल्याने रॅपलिंग हा चढाईचा अटळ उत्तरार्ध असतो. येथील बेसाल्टच्या आडव्या थरांमध्ये गवताळ टप्पे व सुटी दगडमाती असते. ओढताना दोर दगड घेऊन येतो, म्हणून दोर ओढणाऱ्याने खालच्या आधारापासून बाजूला, आडोशाला उभे राहण्याची सवय लावतात. पावसाने जुने बोल्ट आणि मेखा गंजतात. कड्यांवरील आग्या मोहोळे हा खास स्थानिक धोका आहे. दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आतल्या बाजूने वळलेला असल्याने तेथील उतरणीत पायाला खडक मिळत नाही आणि दोर दुरून ओढावा लागतो. पावसाळी धबधब्यांवरील रॅपलिंग हा निराळा प्रकार असून त्याचे नियम काही बाबतींत नेमके उलटे आहेत : वाहत्या पाण्यात ऑटोब्लॉक आवळला तर माणूस धारेखालीच अडकतो, म्हणून तेथे वरून दोर सैल सोडता येईल अशी बांधणी करतात.